ताईच्या लग्नाची फोटोग्राफर

दिल्लीत नवरा शोधण्यापेक्षा लग्नाचा फोटोग्राफर शोधणं अवघड, असं माझी आतेबहीण म्हणते. नवरा तिला गुडगावच्या ऑफिसातच सापडला होता, त्यामुळे तुलना करायचा अधिकार तिला होता. फोटोग्राफरसाठी मात्र तिने नोएडापासून साहिबाबादपर्यंत सहा जणांकडून भाव मागवले. सगळ्यांचं पॅकेज जवळपास एकच. दोन फोटोवाले, दोन व्हिडिओवाले, ड्रोन, एक सिनेमासारखी फिल्म, रील्सचे पैसे वेगळे. सगळ्यात कमी आकडा होता एक लाख ऐंशी हजार. ड्रोन नको म्हटलं तरी आकडा हलेना. “मॅडम, ड्रोन तो कॉम्प्लिमेंट्री है.”

आत्याच्या घरात २०२१ पासून प्रत्येक आकडा दोनदा मोजला जातो. शेवटी व्हिडिओसाठी एक माणूस ठरला आणि फोटोंसाठी मी.

माझी पात्रता सांगते. इंग्रजीत बीए, नोएडातल्या एका कंपनीत कंटेंट रायटर. गाद्या, मिक्सर, केसांचं तेल यांची वर्णनं लिहून पोट भरते. दोन वर्षांपूर्वी चांदणी चौकातल्या कूचा चौधरीच्या कॅमेरा बाजारातून एक वापरलेला कॅमेरा घेतला होता. त्यावर तोवर लोधी गार्डनची झाडं, गल्लीतली मांजरं आणि शेजारच्यांचं बाळ एवढंच टिपलं होतं. लग्न एकही नाही. बाबांनी विचारलं, “जमेल का गं तुला?” मी उत्तर द्यायच्या आधी ताईच म्हणाली, “मामा, हिला निदान आपल्या माणसांची नाती तरी माहीत आहेत. बाहेरचा माणूस सगळ्यांना अंकल-आंटी म्हणत फिरेल.”

आमची माणसं म्हणजे सांगली जिल्ह्यातली. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून गलाईच्या धंद्यासाठी लोक देशभर पांगले. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं, त्यातला कस काढून द्यायचा. भारतातल्या कुठल्याही सराफ बाजारात गेलात तर एखाद्या अंधाऱ्या जिन्यावर विट्याकडची मराठी ऐकू येईलच. आतोबांची भट्टी कूचा महाजनीत होती. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीत ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या होत्या, त्या आठवड्यात ते गेले. भट्टी आता ताईचे काका चालवतात. ताईचं लग्न ठरलं ते डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यातलं, साहिबाबादच्या एका बँक्वेट हॉलमध्ये, गोरज मुहूर्तावर.

मी अभ्यासाला लागले. इंटरनेटवर लग्नाच्या ‘शॉट लिस्ट’ ढिगाने मिळतात. परदेशी याद्यांमध्ये खिडकीला टांगलेला पांढरा गाऊन, दिल्लीच्या याद्यांमध्ये बारात, जयमाला, फेरे, विदाई. अंतरपाट एकाही यादीत नव्हता. मग विट्याला आजीला फोन लावला आणि वही घेऊन बसले. आजीने मुहूर्तमेढीपासून सुरुवात केली. घाणा, हळद, सीमंतपूजन, गौरीहर, मामाने नवरीला मांडवात आणणं (“तो तुझा बाप, त्याचा चांगला काढ”), कानपिळी, सूनमुख, पाठवणी. मध्येच म्हणाली, “आणि मंगलाष्टकं चालू असताना आत्याला शोधू नको. नवरीची आई मंगलाष्टकं बघत नाही. आत तुळशीला पाणी घालत बसते.”

“का?”

“बघवत नाही म्हणून असंल. मी तुझ्या आत्याचं लगीन कुठं बघितलं?”

ही गोष्ट मी वहीत लिहिली आणि पुढे गेले.

तांत्रिक अडचणी वेगळ्या. हॉल आदल्या रविवारी बघून आले. स्टेजवर स्वस्त एलईडी दिवे होते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, त्यामुळे असले दिवे सेकंदाला शंभर वेळा मिचमिचतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याचा शटर त्याहून वेगाने उघडला-मिटला की फोटोवर काळे पट्टे येतात. म्हणून शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवायचा. पण अक्षता उडताना त्यांचा एकेक दाणा दिसायला हवा असेल, तर त्याहून बराच वेगवान शटर हवा. म्हणजे एक तर स्वच्छ उजेड, नाही तर स्वच्छ तांदूळ. मी उजेड निवडला. तांदळाच्या रेघा उमटल्या तर उमटू देत. शिवाय पन्नास मिलिमीटरची एक स्वस्त लेन्स घेतली. ती कमी उजेडातही चालते, पण तिला झूम नसतो. जवळचा फोटो हवा तर स्वतः जवळ जायचं. पुढच्या दोन दिवसांत मला या लेन्सची ही खोड फार उपयोगी पडली.

कपड्यांवरून घरात थोडी चर्चा झाली. मी कुर्ता आणि बूट घालणार म्हटल्यावर काकू म्हणाल्या, “घरचं लग्न आहे, साडी नाही नेसणार?” याच दिल्लीत होमाई व्यारावाला साडी नेसून कॅमेरा चालवायच्या. नवसारीला १९१३ साली जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, १९४२ मध्ये दिल्लीत आल्या, आणि स्वातंत्र्यानंतर लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंचे कितीतरी क्षण त्यांनी टिपले. देशाच्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाला, पुढच्या वर्षी गेल्या. हे सगळं मी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बघ, त्यांना साडीत जमायचं ना?” मी बूटच घातले.

हळद शाहदऱ्याच्या फ्लॅटवर होती. सकाळी सहालाच पोहोचले, कारण त्या घरात चांगला उजेड फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतो आणि तोही नऊपर्यंत. आत्या खलबत्त्यात हळकुंडं कुटत होती. हळद सांगलीहून आणलेली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं, पण आत्याच्या मते मानांकनाच्या आधीपासून दुसरी हळद ही हळदच नव्हती. मी तिच्या हातांचा फोटो काढला. मनगटापर्यंत पिवळे हात, मागे वाफाळता चहा.

“हात काढ. तोंड नको. शुभकार्य आहे.”

आत्या हे अगदी सहज म्हणाली, चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं. मला काय बोलावं सुचलं नाही. मी तिला विचारलं, “कुणी सांगितलं असं?” ती म्हणाली, “कुणी सांगावं लागतं होय?”

बैठकीत पाच सवाष्णींनी ताईला हळद लावली. आंब्याच्या पानांनी पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला. गाणी झाली, दंगा झाला, मावसभावाच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली. मी खूप फोटो काढले. अधूनमधून आत्याला शोधत होते. ती ताटं मोजत होती, गॅसवर लक्ष ठेवत होती. मी दारात कॅमेरा घेऊन उभी राहिले की तिला गॅलरीत काहीतरी काम निघायचं. जिने हळद कुटली, तिच्या हातची हळद मुलीच्या अंगाला लागली, पण तिचा हात लागला नाही.

संध्याकाळी ताई मेहंदीचे हात पसरून बसली होती आणि मी तिच्यासमोर कॅमेऱ्याचा छोटा स्क्रीन धरून एकेक फोटो पुढे सरकवत होते. ती हसत होती. शंभरेक फोटोंनंतर तिचं हसणं थांबलं.

“आई कुठाय?”

मी पुढे सरकवत गेले. तीनशे बारा फोटोंमध्ये आत्या तीन ठिकाणी होती. एकदा नुसते हात, एकदा पाठ, आणि एकदा दाराच्या चौकटीत अर्धा खांदा. गर्दीत असताना ताईला हे दिसलंच नव्हतं. आई घरातच होती, तिचा आवाज येत होता, चहा येत होता. फोटो ओळीने पाहिल्यावर मात्र कळत होतं की या घरात पाच सवाष्णी आहेत, काका-काकू आहेत, शेजारीण आहे, शेजारणीचा कुत्रासुद्धा आहे, आणि नवरीची आई नाही.

ताई उठून आत गेली. मायलेकींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दार लोटलेलं होतं. बाहेर आल्यावर ताई एवढंच म्हणाली, “कन्यादान काका-काकूच करणार. ती ऐकत नाही. म्हणते, भाऊजींनी भट्टी सांभाळली, त्यांचा मान आहे.” मग मेहंदीकडे बघत म्हणाली, “उद्या तू माझे कमी काढ. तिचे काढ.”

म्हटलं, ती पळते.

“मग तूही पळ.”

लग्नाच्या दिवशी दुपारी सीमंतपूजन झालं. नवऱ्याकडची मंडळी कोल्हापूरकडची. त्यांची एक मावशी शिरोळ तालुक्यातली, मोठ्या आवाजाची, हातात कुंकवाचा करंडा घेऊन सगळ्यांना लावत आली आणि आत्यासमोर थांबली. आत्या मागे सरकली. मावशी म्हणाली, “आमच्या तालुक्यातल्या हेरवाडनं ठराव केलाय, पेपरात आलं होतं. वाचलं नाही व्हय?” हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये हा ठराव केला होता. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र-जोडवी काढायची हे गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला तो १९१७ साली. शंभर वर्षांनी आम्ही साहिबाबादच्या हॉलमध्ये एका बोटभर कुंकवापाशी अडलो होतो.

आत्या “नको” म्हणाली. मावशीने आग्रह केला नाही. करंडा पिशवीत ठेवला, स्वतःच्या केसातला गजरा काढून अर्धा तोडला आणि आत्याच्या हातात दिला. आत्याने तो थोडा वेळ मुठीत धरला, मग अंबाड्यात खोचला.

माझ्या हातात कॅमेरा होता, लेन्सवर झाकण नव्हतं, आणि अंतर जेमतेम चार पावलांचं. मी कॅमेरा वर केला नाही. आवाज झाला असता तर आत्याने गजरा काढून ठेवला असता, हे मला नक्की माहीत होतं. व्हिडिओवाल्याला मात्र कुणकुण लागली. तो दिवा घेऊन धावत येत होता. त्याला मी जेवणाच्या काउंटरकडे पाठवलं. “भैया, वहाँ जलेबी बन रही है, अच्छा शॉट है.” बिचारा जिलेबीचा शॉट घेऊन आला. फिल्ममध्ये तो आहे, आणि खरंच चांगला आहे.

डिसेंबरात दिल्लीत साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. मुहूर्त पाच चाळीसचा. बाबांनी ताईला स्टेजकडे आणलं. मामाचा मान. आजीने बजावल्याप्रमाणे मी त्यांचे फोटो काढायला लागले, पण बाबा इतके रडत होते की ताईच त्यांना धरून आणते आहे असं वाटत होतं. व्हिडिओवाला ओरडत होता, “सर, इधर देखिए, स्माइल!” गुरुजींनी अंतरपाट धरला. सगळा हॉल उभा राहिला. मुठीत अक्षता.

आणि शेजारच्या हॉलमधला डीजे सुरू झाला. दोन हॉलच्या मध्ये जेमतेम एक पत्र्याची भिंत. तिकडे कुणाची तरी वरात आली होती. ढोल, तुतारी आणि त्यावर पंजाबी गाणं. गुरुजींनी माइकचा आवाज वाढवला, तिकडच्यांनीही वाढवला.

मी स्टेजसमोर योग्य जागी उभी होते. ती जागा मी रविवारी खडूने आखून ठेवली होती. अंतरपाट दूर होतो, हार घातले जातात, अक्षता पडतात, सगळं काही सेकंदांत. लग्नातला याहून मोठा फोटो नाही. त्याच क्षणी मला वहीतली ओळ आठवली. हॉलमधली सगळी माणसं या एका पडद्याकडे बघत होती. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा तिथेच रोखलेला होता. शिवाय दीडशे मोबाइल. ज्या खोलीत आत्या होती, तिथे कुणीच नव्हतं.

मी मागे वळले आणि नवरीच्या खोलीकडे पळाले.

आत्या खिडकीपाशी जमिनीवर बसली होती. समोर तुळशीची प्लॅस्टिकची कुंडी, घरून पिशवीत घालून आणलेली. दिल्लीच्या थंडीत तुळस टिकत नाही. वरची पानं काळी पडली होती, खाली दोन हिरवे तुरे. आत्याच्या हातात तांब्या. खोलीतली ट्यूब बंदच होती. खिडकीतून मावळतीनंतरचा राखाडी उजेड येत होता आणि शेजारच्या हॉलच्या रोषणाईचा गुलाबी. आत्याने मान भिंतीकडे कलती केली होती. ढोलाच्या आवाजातून ती ‘सावधान’ शोधत होती.

मी दारातून विचारलं, “आत्या, काढू?”

तिने माझ्याकडे पाहिलं. तोंड वळवलं नाही, पदर ओढला नाही. म्हणाली, “दार लाव. इथं आणखी आवाज येतोय.”

दार लावलं. गुडघ्यावर बसले. जवळ जायचं तर खरंच जवळ जावं लागत होतं, दोन हातांवर. सेकंदाचा साठावा भाग, त्याहून कमी उजेडात माझा हात स्थिर राहिला नसता. पहिला फोटो झाला. तिने तुळशीला पाणी घातलं. दुसरा. अंबाड्यात गजरा होता. तिसऱ्याच्या वेळी ती म्हणाली, “कितवं चाललंय?”

“कळत नाही, आत्या.”

“पाचवं असंल. ह्यांनी आमच्या वेळी पाचव्यालाच हार वर उचलला होता. भटजी ओरडले होते.” आणि ती हसली. चौथा फोटो त्याचा आहे.

मग डीजेचं गाणं बदलताना दोन क्षण शांतता झाली, आणि त्या फटीतून आमच्या हॉलमधला गलका, टाळ्या आणि सनई एकदम आत आली. आत्याने तांब्या खाली ठेवला. दोन्ही हात जोडले. “झालं,” म्हणाली. मग मला म्हणाली, “अगं तू इथं काय करतेस? जा, पोरीचे फोटो काढ.”

पुढचं सगळं रीतसर झालं. कन्यादान करताना काकांचे हात थरथरत होते, आणि त्यांच्याबद्दलचा माझ्या मनातला थोडासा राग तिथेच विरघळला. ताईच्या चुलतभावाने नवऱ्याचा कान इतका जोरात पिळला की नवरा खराखुरा ओरडला. पाठवणीच्या वेळी धुकं होतं, त्यात गाडीचे दिवे सुंदर दिसले. रात्री एक वाजता कॅब बोलावून घरी आले तेव्हा कार्डात अकराशेहून जास्त फोटो होते.

अल्बम करायला तीन आठवडे लागले. ऑफिसनंतर रोज रात्री निवडायचं, रंग सारखे करायचे. हळदीच्या फोटोंमध्ये सगळेच कावीळ झाल्यासारखे दिसत होते, तो पिवळा उतरवण्यात दोन रात्री गेल्या. काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला, “हार घालतानाचा फोटो कुठाय?” तो आम्ही व्हिडिओमधून काढून घेतला. थोडा पुसट आहे, पण अक्षता दिसतात. घरातल्या एका वडीलधाऱ्यांना खोलीतला फोटो अल्बममध्ये नको होता. “अल्बम लोक बघतात. त्यात उगाच जुनं कशाला उकरायचं?” ताईने ऐकून घेतलं आणि डाव्या पानावर अंतरपाटाचा तो व्हिडिओतला फोटो, उजव्या पानावर आत्याचा, असं लावायला सांगितलं. एकाच वेळचे दोन फोटो आहेत, ती म्हणाली, समोरासमोरच पाहिजेत.

आत्याला मी तो फोनवर दाखवला. तिने चष्मा लावून, दोन बोटांनी मोठा करून, आधी तांब्या पाहिला. “हा आपला नव्हे, हॉलवाल्याचा. परत केला होता का कुणी?” मग तुळस. मग गजरा. स्वतःच्या चेहऱ्यावर ती बराच वेळ थांबली.

“ग्रुपवर टाकू नको,” म्हणाली. “मला एकटीला पाठव.”

मी पाठवला. आठ-दहा दिवस काहीच नाही. मग एका सकाळी, मेट्रोत असताना, घरच्या ग्रुपवर तोच फोटो आला. आत्यानेच टाकला होता, खाली एक अक्षरही न लिहिता. विटा, दिल्ली, सुरत, चेन्नई मिळून त्या ग्रुपवर त्रेसष्ट माणसं आहेत. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. पहिलं उत्तर आजीचं आलं, आवाजी संदेश, कारण तिला टाइप करता येत नाही.

“थंडीनं करपलीय गं तुळस तुझी. रातीची आत घेत जा.”